हातकणंगल्याचा धक्का

आपल्या गावापासून समुद्र किती लांब, असं मी लहानपणी एकदा आबांना विचारलं होतं. आबा म्हणजे माझे आजोबा. हातकणंगले स्टेशनच्या माल धक्क्यावर सुताच्या गाठी मोजून घेण्यात त्यांची हयात गेली. इचलकरंजीला रेल्वे नाही, त्यामुळे तिथल्या मागांना लागणारं सूत आमच्या स्टेशनात उतरायचं आणि बैलगाड्यांत, पुढंपुढं ट्रकमध्ये भरून जायचं. आबा म्हणाले, "आंबा घाट उतरला की रत्नागिरी. पण आपल्या गावाचा समुद्र तिकडनं न्हाई. आपला समुद्र मिरजेवरनं जातोय."

तेव्हा मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. अर्थ पुढे लागला. आमच्या भागातला जो कोणी बोटीवर गेला तो घाट उतरून गेलाच नाही. तो आमच्या कोरड्या धक्क्यावरून लहान गाडीत बसला, मिरजेवरून पुण्याला गेला, तिथे मोठ्या लाईनची गाडी पकडली आणि मुंबईच्या ओल्या धक्क्यावर उतरला. धक्का हा शब्द दोन्हीकडे एकच. मुंबईत माझगावला भाऊचा धक्का, इथे सुताचा. कोल्हापूर संस्थानची ही मिरज-कोल्हापूर लाईन १८९१ साली सुरू झाली. रुकडीजवळच्या पुलावरून ती पंचगंगा ओलांडते. आमच्या बायाबापड्यांचा सगळ्यात मोठ्या पाण्याचा अंदाज त्या पुलाखालच्या पुराएवढा.

आबांची समुद्राबद्दल एक जुनी तक्रार होती. "आपल्या गादीला समुद्र होता. कंपनीनं काढून घेतला." मी हे फुशारकीत धरत असे. पण ते खरं निघालं. सिंधुदुर्ग किल्ला आणि मालवणचं बंदर कोल्हापूरच्या छत्रपतींकडे होतं, त्यांची गलबतं इंग्रजांच्या जहाजांना सळो की पळो करत, आणि इंग्रज त्यांना चाचे म्हणत. १८१२ च्या तहात मालवण कंपनीच्या घशात गेलं. तेव्हापासून कोल्हापूरच्या राज्याला समुद्र नाही. आबांच्या जन्माच्या शंभरेक वर्षं आधीची ही गोष्ट, पण ते ती अशी सांगत की जणू परवाच त्यांच्या बांधावरचं झाड कोणी तोडून नेलं.

घरात खरा समुद्र पाहिलेला माणूस एकच, आजीचा मावसभाऊ. आम्ही त्यांना बोटीचे मामाआजा म्हणायचो. बुटके, छातीने रुंद. चालताना पाय जरा फाकवून टाकायचे. ती बोटीवरची सवय असं ते सांगत, आणि आजी म्हणे, ती लहानपणापासूनच आहे. दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीने भराभर माणसं भरली तेव्हा ते गेले. गावातल्या मळ्यात विहिरीत पोहायला शिकलेला मुलगा. भरती करणाऱ्याने विचारलं, पोहता येतं का. हा म्हणाला, विहिरीचा तळ काढून आणतो. तेवढ्यावर घेतलं, अशी त्यांची कथा.

मामाआजा ओसरीवर बसले की त्यांच्या बोलण्यात गोरे साहेब फार यायचे. मला वाटे हा जुन्या माणसांचा नेहमीचा राग. नंतर वाचलं तेव्हा कळलं की त्यांच्या रागाला आकडे होते. १८९२ पासून या दलाचं नाव रॉयल इंडियन मरीन. पहिल्या महायुद्धात आपल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात गेल्या. आमच्याकडे अजून म्हातारी माणसं 'बसऱ्याची लढाई' म्हणतात, तीच ही. तेव्हा तैग्रिस नदीवरून त्यांची वाहतूक करायला या मरीनची माणसं होती. बोटींवर कोळसा ओढणारा, दोर ओढणारा खलाशी आपला. रत्नागिरीकडच्या कोकणी मुसलमानांची तर पिढ्यान्‌पिढ्यांची ती नोकरी. पण बाहीवर सोनेरी पट्टी लावणारा हिंदी माणूस एकही नाही. पहिल्या हिंदी माणसाला अधिकारपत्र मिळालं ते १९२८ साली, डी. एन. मुखर्जी यांना, आणि तेही इंजिनखान्यात. म्हणजे टिळक जाऊन आठ वर्षं झाली होती.

त्याच्या आदल्या वर्षी मुंबईच्या पाण्यात 'डफरीन' नावाचं जुनं सैनिकवाहू जहाज नांगरून ठेवलं आणि त्यावर हिंदी मुलांना दर्यावर्दी शिक्षण द्यायला सुरुवात झाली. पहिल्याच तुकडीत रामदास कटारी नावाचा मुलगा होता. पुढे १९५८ साली तो भारताचा पहिला भारतीय नौदलप्रमुख झाला. साल पुन्हा एकदा वाचून पाहिलं, तर १९५८. स्वातंत्र्यानंतर अकरा वर्षं आपल्या नौदलाच्या शेंड्याला इंग्रजच होते, हॉल, पॅरी, पायझी, कार्लिल. पायदळाला करिअप्पा १९४९ मध्येच मिळाले होते. समुद्राला वेळ लागला, कारण अधिकारी घडवायचं काम सुरूच उशिरा झालं होतं.

कटारींच्या मागोमाग आले भास्कर सदाशिव सोमण. जन्म १९१३. मुखर्जींना अधिकारपत्र मिळालं तेव्हा हा मुलगा पंधरा वर्षांचा होता, आणि ब्रिटिशांच्या नौदलात मराठी मुलगा साहेब होऊ शकतो याला तोवर उदाहरणच नव्हतं. १९३०च्या दशकात तो त्या गणवेशात शिरला. १९३४ मध्ये मरीनचं रॉयल इंडियन नेव्ही झालं. सोमण या आडनावावरून आमच्या आबांनी लगेच निकाल दिला होता, "मूळचा कोकणचा असणार. त्यांच्या रक्तात खारं पाणी असतंय." आबांच्या असल्या निकालांना पुरावा लागत नसे.

पण सोमणांच्या आधी मामाआजांचा १९४६ सांगायला हवा, कारण तो मध्ये आल्याशिवाय पुढचं भांडण कळणार नाही.

त्या वर्षी १८ फेब्रुवारीला कुलाब्याच्या 'तलवार' या संदेश-प्रशिक्षण केंद्रातल्या नाविकांनी जेवणावर बहिष्कार टाकला. डाळीत खडे, अंगावर आई-बहिणीच्या शिव्या, गोऱ्या नाविकाला मिळणारा पगार आणि आपला पगार यांतलं अंतर. या सगळ्याला तोंड फुटलं. तीन-चार दिवसांत ते लोण अठ्ठ्याहत्तर जहाजांवर आणि वीस ठाण्यांवर पसरलं. वीसेक हजार नाविक त्यात होते. मामाआजा तेव्हा किल्ल्यातल्या कॅसल बरॅकमध्ये होते. २१ तारखेला तिथे गोळीबार झाला. बरॅकीला वेढा घालून बसलेले जवान मराठा पलटणीचे होते.

इथे मामाआजा नेहमी थांबायचे आणि पानाचा डबा उघडायचे. मग म्हणायचे, "भिंतीवरनं हाळी दिली मी. म्हटलं, कुठला रं तू? खालनं आवाज आला, वडगावचा. म्हटलं, लेका, मी हातकणंगल्याचा! गोळी जरा वर मार."

वडगाव आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. आबा म्हणायचे, वडगावचा जवान हे मामाआजांनी मागाहून घातलेलं मीठ. असेलही. पण त्या वेढ्यातल्या पलटणीची भरती सातारा-कोल्हापूर-बेळगावकडची होती, तेव्हा वडगावचा नसेल तर पाटणचा असेल, निपाणीचा असेल. भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकाच बाजाराला जाणारी पोरं होती, एवढं या गोष्टीतलं खरं आहे.

बाहेर मुंबई पेटली होती. गिरणी कामगार रस्त्यावर उतरले. परळला कमल दोंदे गोळीला बळी पडल्या. दोनशेहून जास्त माणसं मेली. वल्लभभाई पटेलांनी नाविकांना शरण जायला सांगितलं आणि २३ तारखेला जहाजांवर काळे झेंडे चढले. सुमारे पावणेपाचशे नाविकांना बडतर्फ केलं. त्यांत मामाआजा होते. स्वतंत्र भारताच्या नौदलानेही त्यांना परत घेतलं नाही. आले तसे ते पुण्याहून लहान गाडीत बसून हातकणंगल्याच्या धक्क्यावर उतरले. अंगावर निळी सदरा-विजार, हातात कॅनव्हासची पिशवी. आबांनी त्या दिवशी गाठी मोजणं सोडून त्यांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी आपल्याच हाताखाली हमालांच्या हजेरीवर लावून घेतलं. पुढची पस्तीस वर्षं मामाआजा धक्क्यावरच होते. फक्त पाणी नव्हतं.

आता सोमण. १९६१ च्या डिसेंबरात गोव्याची मोहीम झाली तेव्हा मी पाळण्यात होतो, त्यामुळे हे सगळं ओसरीवरून आलेलं. स्टेशनासमोरच्या हॉटेलात रेडिओ होता आणि त्याभोवती तीन दिवस माणसं हलली नाहीत. त्याआधी नोव्हेंबरात अंजदीव बेटावरच्या पोर्तुगीजांनी 'साबरमती' या प्रवासी बोटीवर गोळ्या झाडल्या होत्या. अंजदीव कारवारसमोर आहे. तिथले पोर्तुगीज साडेचारशे वर्षांपासून या किनाऱ्यावर होते, आणि आमच्याकडची पोरं १९५५ च्या सत्याग्रहात मार खाऊन आली होती. त्यामुळे गोवा हे कोणाला परकं नव्हतं.

ताफ्याची कमान रिअर अॅडमिरल सोमण यांच्याकडे होती आणि त्यांचा ध्वज 'म्हैसूर' या क्रूझरवर. १८ डिसेंबरच्या सकाळी 'त्रिशूल' आणि 'म्हैसूर'वरून नाविकांची तुकडी अंजदीववर उतरली. बेटावर पांढरं निशाण दिसलं, आपले पुढे गेले आणि मग त्यांच्यावर गोळ्या आल्या. सात जण गेले. तिकडे मार्मागोव्याच्या तोंडाशी 'बेतवा' आणि 'बियास' या फ्रिगेटींनी 'अफोन्सो द अल्बुकर्क' हे पोर्तुगीज जहाज गाठलं आणि तासाभराच्या आत ते भडकलेल्या अवस्थेत बांबोळीच्या किनाऱ्याला लागलं. सोळाव्या शतकात गोवा घेणाऱ्याच्या नावाचं जहाज गोव्याच्याच वाळूत रुतलं. १९ तारखेच्या संध्याकाळी गव्हर्नरने शरणागती लिहून दिली.

हॉटेलात सोमण हे नाव ऐकल्यावर आबांनी मामाआजांकडे पाहिलं. "आपला मराठी माणूस हाय रे." मामाआजा म्हणे नुसते हसले. ते पोर्तुगीजांच्या जहाजाचा विचार करत होते. "तोफा किती इंची होत्या, ते सांगितलं न्हाई त्यांनी," एवढंच बोलले. पण त्या दिवसापासून सोमण हा आमच्या घरातला माणूस झाला. पुढच्या वर्षी ४ जूनला ते कटारींच्या जागी नौदलप्रमुख झाले. वय एकोणपन्नास. घराण्यातलं कोणी मामलेदार व्हावं तसा आबांना आनंद झाला असं आजी सांगायची. मामाआजा मात्र त्यांना कधी भेटले नव्हते, त्यांच्या जहाजावर कधी नव्हते. "मी संपवाला," ते म्हणत. "ते साहेब."

आणि मग १९६५ आलं.

या वेळचं मला अंधुक आठवतं, निदान बायकांचं बोलणं तरी. सप्टेंबरात बातमी आली की पाकिस्तानच्या जहाजांनी द्वारकेवर तोफा डागल्या. आमच्या आळीतल्या माळकरी बायकांचं काळीज हललं. पंढरीचा विठोबा द्वारकेहूनच आला अशी त्यांची श्रद्धा, म्हणजे देवाच्या माहेरावरच गोळा पडला. खरं तर ७ सप्टेंबरच्या रात्री सात जहाजांनी काही मिनिटांत साडेतीनशेच्या आसपास गोळे टाकले, आणि त्यांतले बरेचसे देऊळ आणि रेल्वे स्टेशन यांच्या मधल्या भुसभुशीत जमिनीत शिरले. नुकसान किरकोळ होतं. पण जवळच ओख्याला आपलं 'तलवार' हे जहाज दुरुस्तीसाठी उभं असताना उत्तर गेलं नाही. 'विक्रांत' मुंबईच्या गोदीत डागडुजीला. पायदळ लाहोरच्या दारात, विमानदल आभाळात, आणि नौदल कुठे होतं ते कोणी सांगेना.

मामाआजा पेटले. "माझं नाव काढून टाकलं, कारण मी ऐकलं न्हाई. आणि ह्यांच्या हातात जहाजं हायत तर हे बसून ऱ्हायले!" आबा म्हणाले, काहीतरी कारण असेल. मामाआजा म्हणाले, कारण एकच, साहेब भ्याला. पुढची कित्येक वर्षं ही शिळी भाकरी आमच्या ओसरीवर पुन्हा पुन्हा भाजली गेली. खासबागेचं कुस्त्यांचं मैदान पाहून आले की मामाआजा हमखास म्हणत, "त्या सोमणाला शड्डू ठोकता आला न्हाई." सोमण १९६६ च्या मार्चमध्ये निवृत्त झाले, त्यांच्या जागी आधार कुमार चटर्जी आले, पण आमच्या घरात सोमणांची सुटका नव्हती. १९७१ च्या ४ डिसेंबरला क्षेपणास्त्र नौकांनी कराची बंदर पेटवलं, तेव्हाही मामाआजांनी आधी बातमी नीट ऐकली आणि मग सोमणांना दोन शब्द सुनावले. त्याच साली आमच्याकडे मोठी लाईन आली आणि पुण्याला गाडी बदलायचं संपलं. आबांना त्या दोन बातम्यांपैकी दुसरी मोठी वाटली होती, हेही इथे प्रामाणिकपणे सांगतो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी मुंबईला नोकरीत होतो. नौदलाच्या निवृत्त अधिकाऱ्यांनी लिहिलेलं काही वाचताना १९६५ चा हुकूम समोर आला. संरक्षण खात्याने नौदलाला कळवलं होतं की पोरबंदरच्या अक्षांशाच्या उत्तरेला जाऊन कारवाई करायची नाही, आणि भाग पाडल्याशिवाय समुद्रावर आपण होऊन पाकिस्तानवर हल्ला करायचा नाही. सोमणांनी तो मुकाट्याने खिशात घातला नव्हता. ते संरक्षणमंत्र्यांकडे गेले. ते काही जमेना म्हणून पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींकडे गेले. हुकूम बदलला नाही. युद्ध जमिनीवरच आवरावं, समुद्रावर पसरू नये, हा सरकारचा हिशेब होता. त्यात शहाणपण होतं की भित्रेपणा, यावर जाणकार अजून वाद घालतात. मला विचाराल तर द्वारकेच्या त्या रात्रीनंतर तरी दोर सोडायला हवा होता. पण मी माल धक्क्यावरच्या कारकुनाचा नातू, माझ्या मताला किती वजन द्यायचं ते वाचकांनी ठरवावं.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा मामाआजांना हे सांगितलं. सत्तरी ओलांडली होती, डोळ्यांत मोतीबिंदू. आबा जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि सोमणसाहेबही १९९५ मध्ये गेले होते. मामाआजांनी माझ्या मुलाचा शाळेचा नकाशासंग्रह मागवला. "पोरबंदर दाखव." मी बोट ठेवलं. त्यांनी फूटपट्टी घेतली आणि शिसपेन्सिलीने पोरबंदरवरून डावीकडे आडवी रेघ ओढली, थेट अरबस्तानापर्यंत. द्वारका रेघेच्या वर राहिली. कराची तर कितीतरी वर. बराच वेळ ते नकाशा डोळ्यांजवळ धरून बसले.

"म्हणजे बांधून घातला होता त्याला," ते म्हणाले. "पैलवानाला लंगोट लावून मैदानात उभा केला आणि कुस्तीच जोडली न्हाई. आणि मी तीस वर्षं त्याला भ्याला म्हणतोय."

"संरक्षणमंत्री कोण होते, माहितीय का?" मी विचारलं.

त्यांना माहीत होतं. सगळ्या महाराष्ट्राला माहीत होतं. चीनच्या युद्धाच्या वेळी नेहरूंनी यशवंतराव चव्हाणांना दिल्लीला बोलावलं तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं गावोगावच्या सभांतून म्हटलं गेलं होतं. कराड आमच्याच लाईनवर, मिरज-पुण्याच्या मध्ये. आबांची यशवंतरावांवर अपार भक्ती. १९६५ मध्ये मंत्रालयाच्या त्या खोलीत समोरासमोर बसलेले दोघेही मराठी होते, आणि त्यांतला एक समुद्र मागत होता, दुसरा नाही म्हणत होता.

मामाआजा हसले. दात नव्हते, त्यामुळे त्यांचं हसणं आता नुसतं खांद्यातून दिसायचं. "सह्याद्री गेला की मदतीला हिमालयाच्या. आणि जाता जाता अरबी समुद्राला बांध घालून गेला." मग जरा थांबून म्हणाले, "तुझा आबा असता तर मला हे बोलू दिलं नसतं."

त्यानंतर त्यांनी जे केलं ते आम्ही कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी धोतर-टोपी घालून स्टेशनसमोरच्या हॉटेलात गेले. मूळ मालकाचा नातू गल्ल्यावर. रेडिओ जाऊन टीव्ही आला होता. तिथे बसलेल्या चार म्हाताऱ्यांना त्यांनी पोरबंदरची रेघ समजावून सांगितली. त्यांतल्या दोघांना सोमण हे नाव आठवत नव्हतं, एकाला गोवा आठवत होता. मामाआजांनी तरी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. बडतर्फ नाविक एका नौदलप्रमुखाची बाजू मांडत होता. ऐकणाऱ्यांना त्यातलं नवल कळलं नसावं.

ते २००४ मध्ये गेले. नकाशासंग्रह माझ्याकडे आहे. रेघ पुसट झालीय.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा आणि कृष्णा एकत्र फुगल्या आणि शिरोळ तालुका पाण्याखाली गेला. लष्कर आलं, एनडीआरएफ आलं आणि नौदलाच्या तुकड्याही आल्या. ज्या जिल्ह्याचा समुद्र १८१२ मध्ये गेला त्या जिल्ह्यात उसाच्या शेंड्यांवरून नौदलाच्या रबरी नावा फिरत होत्या. माझी आत्या, वय ऐंशीच्या पुढे, कृष्णेकाठच्या एका गावात पत्र्यावर दोन दिवस बसली होती. नावेत घेतल्यावर तिने त्या निळ्या गणवेशातल्या पोराचा हात सोडला नाही. पोरगा उत्तरेकडचा, त्याला मराठी येत नव्हतं. आत्या तिच्या हिंदीत म्हणाली, "हमारा एक मामा था तुम्हारे में."

पोराने मोटारचा आवाज कमी करून विचारलं, कौनसे जहाज पे, दादी?

आत्याला जहाज माहीत नव्हतं. "निकाल दिया था उसको," ती म्हणाली, "पण माणूस चांगला होता."